जुन्या भावांवर जिंकलेला भाऊ

आई, तुझा मुलगा आज फोनवर तुझं वाक्य बोलला आणि माझं डोकं फिरलं. “मले माहीतच होतं,” म्हणाला. काय माहीत होतं? काल रविवारी दुपारी स्वतःच्या घरात, स्वतःच्या लॅपटॉपवर जे पाहून त्याचा चेहरा उतरला, ते त्याला म्हणे आधीपासून माहीत होतं. मग राजीनामा कशाला लिहून ठेवला होतास, असं विचारलं, तर म्हणतो, “लिहला होता, देल्ला कुठं?” कंपनीच्या कॅन्टीनमधून बोलत होता, मागून ताटांचा आवाज येत होता. कामावर गेला, एवढंच मला पुरे होतं. पण राग काही जात नाही, म्हणून तुला सांगत बसले आहे.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत तो लागला, ते तू पाहून गेलीस. पुढे तिथेच सुपरवायझर झाला. मुली मोठ्या झाल्या, घर झालं, आणि मग शेअर बाजाराचं वेड लागलं. तुझ्या वेळी हे नव्हतं, म्हणून समजावून सांगते. कॉम्प्युटरवर चार्टचं सॉफ्टवेअर असतं. त्यात एखाद्या शेअरचे जुने भाव रेघेसारखे दिसतात. आपण त्याला एक नियम सांगायचा, की भाव अमुक दिवसांच्या सरासरीच्या वर गेला की घे, खाली आला की वीक. मग तो नियम मागच्या वर्षांवर चालवून सॉफ्टवेअर दाखवतं, की असं केलं असतं तर काय झालं असतं. याला बॅकटेस्ट म्हणतात. गोष्ट वाईट नाही. कॉलेजच्या ऑफिसातून घरी आले की मीही करते. पण तुझा मुलगा काय करायचा, तर नियम हरला की नियमच बदलायचा. वीस दिवसांची सरासरी जमली नाही, तर सतराची. शुक्रवारी तोटा दिसला, तर शुक्रवारी काही घ्यायचंच नाही. एका महिन्यात रेघ धाडकन खाली आली, तर तो महिनाच वगळून टाकला. “तो महिना धराचाच नाही, ताई, तेव्हा सगळ्यायचंच डुबलं होतं.” असं करत करत रेघ इतकी सुंदर चढली, की तिच्याकडे पाहून त्यानं नोकरी सोडायचं ठरवलं.

मला तुझा तो निळा फ्रॉक आठवला. कळंबच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीशी तुझं शिवणयंत्र आहे, मी समोर हात वर करून उभी आहे, आणि तू तोंडात टाचण्या धरून माप घेते आहेस. फ्रॉक अंगाला चोपून बसला पाहिजे, हा तुझा हट्ट. म्हणून शिवणीत जास्तीच्या कापडाची माया ठेवलीच नाहीस. उन्हाळ्यात शिवलास, गॅदरिंग थंडीत आलं, तोवर मी वाढले होते. स्टेजवर हात उचलला आणि काखेत टरकन उसवला. घरी आल्यावर तू काय म्हणालीस? “मले माहीतच होतं, पोरगी वाढून राह्यली म्हणून.” अगं, माहीत होतं तर माया काहून नाही ठेवली?

हेच मी त्याला काल सांगायला गेले. म्हटलं, “तुझा नियम मागच्या भावांना चोपून बसवलाय. आत मायाच नाही. पुढं उसवणार तो.”

“बजारात माया-बिया चालत नाही, ताई,” तो म्हणाला. “तू रेघ पाह्य ना! सायब पगारवाढ देत नाही, अन् इथं रेघ पाह्य.”

भावजय खाली बसून मेथी निवडत होती. जुडीतली काडीन् काडी मोडून झाली तरी हात थांबत नव्हते. मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला. नियमाला हात लावला नाही, फक्त सुरुवातीची तारीख पाहिली. लॉकडाऊनमध्ये बाजार पडला, त्याच्या लगेच नंतरची तारीख होती. तेव्हा जे घेतलं ते वर जात होतं, कुणीही हुशार ठरलं असतं. ती तारीख मी बरीच मागे नेली आणि म्हटलं, “आता तूच दाब.”

“कायले? तेव्हाचे वर्षं वेगळे होते.”

“अन् पुढचे वर्षं काय मागच्यासारखेच येणार हायेत काय?” भावजय म्हणाली. मान वर न करता.

त्यानं दाबलं. रेघ थोडी चढली, मग उतरायला लागली आणि उतरतच राहिली. त्याची ती सुंदर चढण उजवीकडे कोपऱ्यात होती, पण तिथवर पोचायला हातात काही उरलंच नसतं. त्यानं लॅपटॉप मिटला, गाडी काढली आणि कुठेतरी निघून गेला. भावजयीनं मला चहा टाकला आणि ओट्याकडे तोंड करून डोळे पुसले. आणि आज त्याला सगळं माहीतच होतं!

पण चिडता चिडता आज दिवसभर मला दुसरंच आठवत राहिलं. बाबा गेले त्या दिवशी दारात माणसं जमली होती आणि तू आलेल्या प्रत्येक बाईला सांगत होतीस, “मले माहीत होतं. सकायी चहा अर्धा ठेवला, तेव्हाच समजलं होतं.” पुढे कितीतरी वर्षं तू हे सांगत राहिलीस. आधी बायांना, मग आम्हाला, मग नुसतं स्वतःला. समजलं होतं तर त्यांना राळेगावला कामावर जाऊ कशाला दिलं, हा पुढचा प्रश्न तुला कुणी विचारला नाही. तूच विचारत असशील. मला त्या वाक्याची इतकी चीड यायची, की मी उठून बाहेर जायचे. आता वाटतं, तुला खांद्याला धरून गदागदा हलवावं. आई, बाबा चहा नेहमीच अर्धा ठेवायचे. एसटीचा हॉर्न ऐकला की कप तिथेच टाकून पळायचे. ते अर्धे कप रोज तूच विसळायचीस. त्यानंतर ते संध्याकाळी घरी यायचे, जेवायचे, आपल्यावर ओरडायचे. ते सगळे दिवस तू वगळून टाकलेस आणि एकच धरून बसलीस. तुला काहीही माहीत नव्हतं गं. कुणालाच नव्हतं. हे मी तू असताना सांगायला हवं होतं, पण तेव्हा मला तरी कुठं कळत होतं.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. माझाही एक नियम आहे. माझी रेघही छान चढते, आणि माझीही सुरुवातीची तारीख लॉकडाऊननंतरचीच आहे. आज ऑफिसातून आल्यापासून लॅपटॉप समोर उघडा आहे. ती तारीख मागे नेऊन बटण दाबायचं अजून झालेलं नाही. त्याला सांगू नको.