जासूद उत्तर घेऊन येतो

ओसाका,
१९ जानेवारी १९९२

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मासा भरलेल्या सलगमांचा डबा, दोन्ही पोचलं. डबा ऑफिसात उघडायचा गाढवपणा केला. आमचा प्रमुख ओमोरी एरवी माझ्या टेबलाकडे फिरकत नाही, पण त्या दिवशी माझ्या तब्येतीची चौकशी करायला सारखा येत होता. माझ्या वाट्याला एक फोड आली. ती मात्र अगदी आईच्या हातची वाटली.

बाबा दवाखान्यातून घरी आले हे वाचून जीव भांड्यात पडला. झटका सौम्य होता म्हणतेस, डावा हातही चालू लागलाय. बोलणं तर अडलंच नव्हतं. अडलं असतं तर तुला थोडा आराम मिळाला असता, पण तेवढं आपलं नशीब कुठलं!

डॉक्टरांनी डाव्या अंगठ्याला व्यायाम सांगितलाय ना? म्हणून सोबत एक यंत्र पाठवतो. हातात मावतं, बॅटरीवर चालतं. आत आम्ही बनवत असलेला गेम आहे, अजून दुकानात आलेला नाही. जुन्या काळचा एक जासूद खांद्यावर पत्रांची पेटी घेऊन धावतो. डाव्या अंगठ्याने त्याला पळवायचं, उजव्याने उडी मारायची. खड्डे, नद्या, वात्रट माकडं सगळं ओलांडून डोंगरापलीकडच्या किल्ल्यात पत्र द्यायचं. तो धावतो तसतसा पुढचा रस्ता पडद्यावर सरकत येतो.

मी पाठवलंय म्हणून सांगू नकोस. दवाखान्याने दिलं म्हण. चित्रांना खळीने अस्तर लावायचं आपलं दुकान सोडून मी ओसाकाला आलो त्याला आठ वर्षं झाली, आणि या आठ वर्षांत त्यांनी मला एक ओळ लिहिलेली नाही. माझ्या नावाने यंत्र आलं तर ते खळीच्या रांजणात बुडवतील.

तुझी कंबर कशी आहे? अंगणातलं बर्फ स्वतः उपसू नकोस. माया आहेच, ती अशीच डब्यातून येत राहो.

तुझा,
तोशिनारि

~

कानाझावा,
२ फेब्रुवारी १९९२

चि. तोशिनारि यास अनेक आशीर्वाद.

तुझं सोंग घटकाभरही टिकलं नाही. बाबांनी यंत्र डोळ्यांजवळ धरलं, जासुदाच्या पेटीवरची आपल्या दुकानाची खूण पाहिली, आणि म्हणाले की दवाखान्याला आपली खूण कुणी शिकवली? मग चष्मा मागितला.

आता दिवसभर तेच चाललंय. अंगठा सुजेल म्हटलं तर मलाच सांगतात, डॉक्टरांचा हुकूम आहे. आणि खेळतात बरं का छान! काल तिसरी नदी ओलांडून किल्ल्यात पत्रसुद्धा पोचवलं. शेजारच्या निशिदे काकू बघायला आल्या तर त्यांना उडी कधी मारायची ते शिकवत होते. काकूंना त्यांनी आजवर नमस्काराशिवाय काही म्हटलेलं मला आठवत नाही.

पण बाकी ठीक नाही, तोशि. जेवणाचं ताट अर्धं टाकून उठतात. रोज. मी एवढं राबून रांधते, आणि अर्धा भात, अर्धा मासा तसाच. विचारलं तर म्हणतात वाढलं तेवढं संपवलं, आणखी काय ताट चावू? आणि वर मलाच, की हल्ली तू फार कमी वाढतेस. मी रागाने दोन दिवस बोलले नाही, तर त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

कामाचीही काळजी आहे. देवळाची ती जुनी चित्राची गुंडाळी अस्तर लावायला आपल्याकडे आहे. वसंतातल्या पितरांच्या आठवड्यापर्यंत ती द्यायची आहे. पुजारी भला माणूस आहे, पण त्याने मला बाजूला घेऊन विचारलंच की जमेल ना, नाहीतर क्योतोला पाठवतो. ती गुंडाळी या घरातून परत गेली तर पुढचं काम येणार नाही, आणि काम नसलं तर बाबा कोपऱ्यात बसून महिन्याभरात म्हातारे होतील. आज ते फक्त वयाने म्हातारे आहेत.

त्यांनी तुला स्वतः ब्रशने पत्र लिहिलंय! मी न वाचता सोबत घालते. आठ वर्षांनी आलंय, नीट वाच.

आशीर्वाद तर आहेतच, पण उत्तर लवकर पाठव.

फुसाए

~

(सोबतचं पत्र)

आशीर्वाद.

थंडी कडक आहे. खळ शिजवायचे हेच दिवस. फुसाए पातळ करते.

यंत्र मिळालं. तुझा जासूद उजवीकडे धावतो, हे चूक आहे. चित्राची गुंडाळी उजवीकडून उघडते आणि गोष्ट डावीकडे पुढे जाते. हातभर उघडायची, पाहायची, पाहिलेलं गुंडाळायचं आणि पुढचं उघडायचं. तुझा पडदाही तसाच आहे, फक्त उलटा. नाक पुसता येत नव्हतं तेव्हाही तुला हे माहीत होतं.

शिवाय किल्ल्यात पत्र दिलं की गेम संपतो. हे कसलं? उत्तर कोण आणणार? रिकाम्या हाताने परतलेल्या जासुदाला कुणी चहा तरी विचारेल का?

आणखी एक सांगायचं आहे. तू दुकान सोडून गेलास तेव्हा मी

~

ओसाका,
११ फेब्रुवारी १९९२

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र नीट वाचलं. फार नीट वाचलं.

तुला ठाऊक आहे, मी आपला कंपनीच्या चौकटीच्या कागदावर आडवं लिहितो, नाव वरच घालून मोकळा होतो. पण बाबा जुन्या रीतीचे, उभ्या ओळी, उजवीकडून डावीकडे. तारीख, सही आणि ज्याला लिहायचं त्याचं नाव सगळ्यात शेवटी, डाव्या कडेला. त्या पत्रात तिथे काय आहे, सांगू? काही नाही. निम्मा कागद लिहिलाय आणि डावा निम्मा कोरा. वाक्य मध्येच तोडलंय. ना त्यांची सही, ना माझं नाव. लिहिता लिहिता जुनं आठवलं असेल, ब्रश खाली ठेवला असेल. इतका राग होता तर पाठवलं तरी कशाला? नावाशिवाय पत्र आपल्याकडे वाण्यालासुद्धा कुणी धाडत नाही.

मला वाईट वाटलं, ताई. या वयात वाटायला नको, पण वाटलं.

तरी म्हातारा बोलतो ते खोटं नाही. उत्तर कोण आणणार, हे आमच्या अख्ख्या ऑफिसात एकालाही सुचलं नव्हतं. म्हणून हट्टाने एक शेवटची फेरी बनवली. किल्ल्यातून उत्तर पेटीत घालून जासूद परत निघतो आणि डावीकडे धावतो. ओमोरीने कपाळाला हात लावला. म्हणाला, मुलांचे अंगठे उजवीकडे शिकलेत, ती पहिल्याच खड्ड्यात पडतील आणि यंत्र आपटतील. मी म्हटलं, एकदा आपटू देत.

यंत्रात बसवायचं नवं कार्ट्रिज पाठवतोय. बाबांना दे. माझ्याकडून पत्र मात्र नाही. ज्या पत्रावर माझं नावच नाही त्याला मी काय उत्तर देणार?

तुझ्यावर राग नाही, तुझ्यावरची माया आहे तिथेच आहे.

तोशिनारि

~

कानाझावा,
१ मार्च १९९२

चि. तोशिनारि यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच, आणि मधेच फुरंगटू नकोस.

तुझी नवी फेरी बाबांनी त्याच दिवशी सुरू केली. पाहिल्याबरोबर म्हणाले, आता शहाणा झाला. आणि पहिल्या खड्ड्यात पडले. पुन्हा पडले. पुन्हा तोच खड्डा. तीन नद्या ओलांडलेला माणूस! मला वाटलं सवय नाही म्हणून होतंय. पण दुपारभर तेच चाललं, आणि शेवटी चिडून म्हणाले की तोशिने यात चूक केलीय, खड्डा आधी दिसतच नाही, पडल्यावर उगवतो. मी शेजारी बसून पाहत होते. खड्डा चांगला ढळढळीत दिसत होता, पडद्याच्या डाव्या बाजूला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. संध्याकाळी ते ताट अर्धं टाकून सरकले, तेव्हा मी काही न बोलता ताट फिरवून ठेवलं. डावीकडचा भात उजवीकडे आला. त्यांनी पाहिलं, म्हणाले, अरे वा, आणखी आणलंस? आणि सगळं खाऊन टाकलं. तोशि, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. महिनाभर मी या माणसाला अन्नाची नासाडी करतो म्हणून बोलत होते, आणि ते रोज अर्धपोटी उठत होते.

मग तुझं पत्र पुन्हा काढलं. त्यात तू लिहिलंयस, निम्मा कागद कोरा, आणि तोही डावा. मी त्यांना सहज विचारलं की तोशिच्या पत्राच्या शेवटी नाव घातलं नाही का? तर म्हणाले कागद संपला, जागाच उरली नाही, दुसरा कागद मागणार होतो तर तू खळीचं पातेलं करपवत होतीस. राग नव्हता रे. त्यांच्या लेखी कागद तिथेच संपला होता.

डॉक्टरांकडे नेलं. डोळे चांगले आहेत म्हणाले. झटक्यामुळे मन डावीकडे बघायचं विसरलंय, आणि विसरलंय हेही त्यांना ठाऊक नाही. सुटलेली सवय परत लागू शकते, पण डावीकडे त्यांना ओढेल असं काहीतरी हवं. त्यांना आवडेल असं. मी मासा डावीकडे वाढून पाहिला, तर मासाच नाही म्हणून तक्रार केली.

घरी येऊन वाळवायच्या फळीवरची देवळाची गुंडाळी पाहिली. अस्तराला डाव्या कडेला वीतभर खळच लागलेली नाही, कागद सुटून फडफडतोय. त्यांना दाखवलं तर म्हणाले, कुठे? वसंताचा आठवडा तोंडावर आलाय. पुजारी आला तर मी काय सांगू?

आशीर्वाद. डोकं तुझ्याकडे आहे, ते चालव.

फुसाए

~

ओसाका,
८ मार्च १९९२

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसात वाचलं आणि जिन्यात जाऊन बसलो. मी त्या कोऱ्या कागदाकडे बघून महिनाभर कुढत होतो. इकडे ओमोरीला वाटलं घरी काही वाईट घडलं. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला की दुकानात जाणाऱ्या गेममधून ती फेरी काढावीच लागेल, तसा वरून निरोप आलाय, पण वडिलांसाठी एक कार्ट्रिज बनवायला मला कुणाची परवानगी लागणार नाही. वर म्हणाला, सलगमांचं देणं फिटलं.

तर ही फेरी जगात फक्त एका माणसासाठी आहे. यात मी आपला मोकु घातलाय. आठवतो ना? बाबा आपल्याला रागवायचे आणि त्या कुत्र्याला मांडीवर घेऊन खळ ढवळायचे. मोकु जासुदाच्या पुढे, पडद्याच्या डाव्या कडेला लागून धावतो. त्याच्या गळ्यात घंटा आहे. खड्डा आला की तो आधी उडी मारतो आणि घंटा वाजते. जासूद मागे पडला तर मोकु थांबतो आणि भुंकतो. बाबांना मी सांगितलं तर डावीकडे बघणार नाहीत, तू सांगितलंस तर मुळीच नाही, पण मोकु कुठे गेला म्हणून नक्की बघतील.

खड्डे सुरुवातीला लहान ठेवलेत. पुढे वाढत जातात. शेवटी काय आहे ते तू सांगू नकोस, त्यांचं त्यांना दिसू दे.

मी रजा मागितलीय. येताना तुझ्या आवडीचे गोड वाटाणे आणतो. तोवर सांभाळून घे, आणि मला जीव लावतेस तसाच लाव.

तोशिनारि

~

(कानाझावाहून, ब्रशने लिहिलेलं)

आशीर्वाद.

बर्फ वितळलं. छपरावरून दिवसभर पाणी गळतं. यंदाची खळ रांजणात भरून फरशीखाली ठेवली. फुसाएने पुन्हा पातळ केली होती, मी घट्ट करवून घेतली.

मोकुला तू बुटका काढला आहेस. शेपूटही तशी नव्हती. पण भुंकतो बरोबर.

पहिले दोन दिवस त्याचा फक्त आवाज येई. घरभर शोधला. फुसाए हसत होती. मग एकदा दिसला. मग पुन्हा हरवला. आता बहुतेक वेळा दिसतो. काम करतानाही मी मनात घंटा वाजवतो आणि त्या बाजूला मान वळवतो. डॉक्टर याला काहीतरी नाव देतात. मी मोकुला बोलावणं म्हणतो.

देवळाच्या गुंडाळीचं अस्तर पुन्हा लावलं. डावी कड तीनदा हाताने चाचपली. पुजारी काल घेऊन गेला. पावसाळ्याआधी आणखी दोन पाठवतो म्हणाला. लोणचं वाढलं ते सगळं खाऊन गेला.

फेरीच्या शेवटी, अगदी डाव्या टोकाला, आपलं दुकान आहे. दारावरच्या कापडी पडद्याखाली म्हातारा बसला आहे आणि जासूद त्याच्या हातात उत्तर देतो. म्हाताऱ्याचं नाक मोठं काढलंस. असू दे. तिथवर पोचायला मला वेळ लागला.

मागचं पत्र अर्धं राहिलं. कागद संपला असं मला वाटलं होतं. संपला नव्हता, हे आता कळलं. तर ते वाक्य पुरं करतो.

तू दुकान सोडून गेलास तेव्हा मी तुझा खळीचा ब्रश धुवून खुंटीला टांगला. दर हिवाळ्यात काढतो, धुतो, पुन्हा टांगतो. केस अजून मऊ आहेत. परत ये असं म्हणत नाही, तुझं काम तू चांगलं करतोस. ब्रश आहे, एवढंच.

कागद अजून बराच उरला आहे. डावीकडे इतकी जागा असते, हे मी विसरलो होतो. नावं घालायला पुरेशी आहे.

२० मार्च

तुझा बाप,
गेन्जिरो

चि. तोशिनारि यास