चौदा-तेरावर वर गेलेला हात

सर,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. सांगावं असं मधे बरंच घडलं, पण लिहायला बसले ती आज, आणि तीही संतापून. आमच्या क्लबने एका खेळाडूला काढून टाकलंय. तिचा गुन्हा एवढाच, की चेंडू बोटाला लागला तेव्हा तिने हात वर केला. तुम्ही आमच्याकडून पाचवीपासून जे घोटून घेतलंत तेच. इथे ऑफिसात कुणाला सांगायला जावं तर म्हणतात, "हे बघ, प्रोफेशनल स्पोर्ट आहे, असंच असतं." असंच असतं म्हणे! मग म्हटलं, ज्या माणसाला यातलं कळेल त्यालाच सांगावं, तो असो नसो.

मी जर्मनीत ब्योब्लिंगेनला राहते, सोमवार ते शुक्रवार गाड्यांच्या सॉफ्टवेअरमधे डोकं घालून बसते आणि शनिवारी ट्रेनने तासभर लांबच्या एका गावात जाते. तिथल्या बायकांच्या व्हॉलीबॉल क्लबची आकडेवारी मी ठेवते. कोर्टच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसायचं आणि कुणी कसा ब्लॉक केला, कुणाची सर्व्हिस नेटमधे गेली, प्रत्येक टच नोंदवायचा. पायाला लागलं की तुम्ही मला वही घेऊन बाकावर बसवायचात आणि मी तोंड फुगवून रेघा मारायचे, तेच काम. तेव्हा जे शिक्षा म्हणून केलं ते आता हौस म्हणून करते.

ही खेळाडू एस्टोनियाची. समुद्रकाठच्या कुठल्याशा छोट्या गावातली. एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं ते फिनलंड, मग फ्रान्स, मग रुमानिया, आणि गेली तीन वर्षं इथे. आता तेहतिशीची आहे. एवढ्या वर्षांत तिच्या हातात एका सीझनपेक्षा मोठं कॉन्ट्रॅक्ट कधी पडलं नाही. दर मे महिन्यात क्लबच्या घराची किल्ली परत द्यायची, पुढच्या गावात पुढच्या क्लबच्या घरात जायचं, तिथे आधीच्या खेळाडूने सोडलेले पडदे आणि तिचेच चमचे. "माझा स्वतःचा असा एक तवासुद्धा नाही," असं ती एकदा हसत म्हणाली होती. यंदा मात्र तिला दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट मिळणार, असं मॅनेजरने तोंडी कबूल केलेलं. तिला ते हवं होतं ते मुलीसाठी. मुलगी सहा वर्षांची, आईशी जर्मनच बोलते, आणि सप्टेंबरमधे शाळेत जाणार. इथे पहिल्या दिवशी मुलांना खाऊ भरलेला पुठ्ठ्याचा मोठा कोन देतात, शुलट्यूटे. मायलेकींनी तो फेब्रुवारीतच करून ठेवला होता, निळा, वर चांदीचे मासे चिकटवलेला.

आणि मग तो शेवटचा सामना. जिंकलो असतो तर क्लब वरच्या लीगमधे जाणार होता. पाचवा सेट, चौदा-तेरा, आम्ही पुढे. समोरच्या मुलीने जोरात मारलेला चेंडू आमच्या ब्लॉकवरून मागे लांब बाहेर पडतो. पंच आउट देतो. सामना आमचा! सगळा हॉल उभा राहतो, पोरी एकमेकींच्या गळ्यात पडतात, मॅनेजर खुर्चीवर चढतो. आणि नेटपाशी ती एकटी उभी आहे, उजवा हात वर करून, डाव्या हाताने बोटांची टोकं दाखवत. लागला. मला लागला. पंचालाही आधी कळेना. आमच्या हॉलमधे कॅमेऱ्यावर तपासायची सोय नाही, तिने हात खाली ठेवला असता तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. पंचाने निर्णय फिरवला, पॉइंट समोरच्यांना दिला, चौदा-चौदा झाले, आणि पुढचे दोन्ही पॉइंट आम्ही घालवले. त्यातला एकही तिच्या हातून गेला नाही, हे मी शपथेवर सांगते. मीच नोंदवलंय.

सर, तुम्ही तिथे असतात तर काय केलं असतंत ते मला माहीत आहे. प्रॅक्टिसमधे चेंडू बोटाला लागूनही कुणी गप्प राहिली तर तुम्ही तिला मैदानाला एक फेरी मारायला लावायचात, हात वर करून. शिट्टी न वाजवता नुसतं बोट दाखवायचात. पावलांखाली लाल माती, आम्हीच सकाळी टाकलेली फक्कीची रेघ, आणि सगळी शाळा खिडकीतून बघतेय. "ए पोरी, पंचाला नाही दिसलं तरी तुझ्या बोटाला कळलंय ना?" नंतर घरी जाताना हातावर गुळाचा खडा ठेवायचात. एकदा सातवीत मी तीन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी हात वर होईना, वेणी आईने घालून दिली.

दोन आठवड्यांनी क्लबची झिट्सुंग झाली, म्हणजे बैठक: मॅनेजर, कोच, कमिटीतले चार लोक आणि कोपऱ्यात मी. हात वर केला म्हणून काढतोय असं कोण म्हणणार? तेवढी लाज त्यांना आहे. मॅनेजरने साळसूदपणे एक कागद काढला. खेळातल्या कामगिरीमुळे कॉन्ट्रॅक्ट वाढवता येत नाही, ब्लॉकला उशिरा पोचते, वय झालं, आकडे बघा. आणि आकडे कुणाचे? माझे! सबंध सीझनमधले नेमके तीन सामने त्याने उचलले होते, ज्यांत ती अंगात ताप असताना खेळली होती. कारण दुसरी ब्लॉकर आजारी होती आणि याच मॅनेजरने हातापाया पडून तिला उभी केली होती. सीझन धरला तर तिच्यासारखी ब्लॉकर आमच्याकडे दुसरी नाही. तो माझ्याकडे वळून गोड आवाजात म्हणाला, "हे आकडे तुझेच ना?"

आकडे माझेच होते. एकही खोटा नव्हता.

मी म्हणाले, "या."

हो, एवढंच. इथला होकार. फक्त तीन सामने का, बाकीचे कुठे गेले, असं विचारायला माझी जीभ उचलली नाही. पुढच्या सीझनला मला ठेवतील की नाही, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. मांडीवरचा लॅपटॉप बंद केला. मॅनेजर "गेनाऊ" म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर, आणि कागद फाइलमधे गेला. घरी येताना ट्रेनमधे त्याला मी मनातल्या मनात काय काय ऐकवलं! चोर, लबाड, लाज नाही, मुलगी शाळेत जायची आहे तिची. डब्यात समोर बसलेल्या आजीबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, बहुतेक ओठ हलत असावेत माझे.

तुमचाही राग आला, सर, ते लपवत नाही. हात वर करायला शिकवलंत, पण केल्यावर काय होतं ते कधी सांगितलं नाहीत. गुळाच्या खड्यावर भागवलंत. तेहतिसाव्या वर्षी, दोन बॅगा आणि एक मुलगी घेऊन परक्या देशात हात वर करायचा असेल तर काय, याची फेरी कधी मारून घेतली नाहीत.

परवा ती किट परत करायला हॉलवर आली. जर्सी धुऊन, घड्या घालून आणल्या होत्या, अगदी इस्त्रीसकट. मला वाटलं, चार शब्द ऐकवेल. तिला माहीत होतं आकडे कुणाचे ते. पण तिने थर्मासमधला चहा मला दिला आणि शेजारी बाकावर बसली. पुढे रुमानियालाच जातेय, जुना क्लब घेतोय एका सीझनसाठी. "शुलट्यूटे बॅगेत मावत नाही," म्हणाली, "मुलगी दुमडू देत नाही." मग माझ्या लॅपटॉपच्या बॅगेला अडकवलेली तुमची पितळी शिट्टी हातात घेऊन तिने विचारलं, ही कुणाची?

आणि मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं. फेऱ्यांचं सांगितलं, गुळाचं सांगितलं. जिल्ह्याच्या फायनलचं सांगितलं. मी दहावीत, शेवटचा पॉइंट, चेंडू माझ्या ब्लॉकवरून बाहेर, पंचाने आउट दिलेला, आपण जिंकलेलो. आणि समोरच्या शाळेचे सर ओरडत मैदानात आलेले, "पोरीच्या बोटाला लागलाय!" तुमचे जिवलग मित्र ते, बी.पी.एड.ला एका खोलीत राहिलेले, दर रविवारी सायकलवरून तुमच्याकडे जेवायला येणारे. तुम्ही पंचाला म्हणालात, "माझी पोर हात वर करत नाही, म्हणजे लागलेला नाही." विषय संपला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर ही शिट्टी माझ्या गळ्यात घातलीत. ते सर पुन्हा कधी तुमच्या दारात आले नाहीत, आणि तुम्हीही गेला नाहीत. तुम्ही गेलात त्या दिवशी ते आले होते म्हणे. फाटकाबाहेर सायकल धरून उभे होते, आत आले नाहीत.

ती शिट्टी उलटसुलट करून बघत होती. "म्हणजे तुला लागला असता," तिने विचारलं, "तर तू हात वर केला असतास?"

मी म्हणाले, "हो. अर्थात."

तिने मान हलवली आणि शिट्टी परत दिली. तिचा विश्वास बसला होता, तुमच्यासारखाच.

आज दुपारी मी पूर्ण सीझनचे आकडे कमिटीला मेल केले, ते तीन सामने कसे निवडले तेही लिहून. तिलाही पाठवले. काही उपयोग नाही, तिच्या जागी दुसरी मुलगी ठरलीसुद्धा. मलाही बहुतेक निरोप येईल. पण ते एक पाठवता आलं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही. तुमचे ते मित्र अजून आहेत असं ऐकते, त्यांचा पत्ता विचारला तर मिळेल. अजून विचारला नाही.

सर, लागला होता. उजव्या करंगळीला. तुम्ही पंचाशी बोलत होतात तेव्हा ती झिणझिणत होती, आणि मी हात पाठीमागे धरून उभी होते.