सुमी नव्हे, कियो

१४ जुलै, सोमवार
नगरपालिकेचं कार्ड आलं. कुटुंबाच्या नोंदवहीत आजवर नावाची नुसती अक्षरं असत, आता उच्चारही नोंदणार म्हणे. माझ्या अक्षरापुढे लिहिलंय — कियो. चूक असेल तर वर्षभरात कळवा.

चूक नाही, नशीब! दवाखान्याच्या खिडकीत चाळीस वर्षं बसून मी लोकांना विचारत आले, "नाव कसं वाचायचं?" आणि माझं मात्र सगळे चुकीचं वाचतात. 澄. आमच्या लिपीत एकाच अक्षराचे दोन-तीन उच्चार होतात; याचा सरळ उच्चार सुमी. शंभरातले नव्वद जण तोच करतात. जन्मभर माझा एकच पाठ — सुमी नव्हे, कियो. पहिलीत बाईंनी हजेरीला 'सुमी' म्हटलं, तर आई खाचरातून चिखलाच्या पायांनी शाळेत येऊन भांडली होती. एरवी ती कुणाशी आवाज चढवून बोलत नसे.

२० जुलै
वृद्धाश्रमात आईकडे. ब्याण्णव झाली. गंमत म्हणून कार्ड दाखवलं. तिने अक्षरावर बोट ठेवलं. "सुमी."

"कियो, आई. मी कियो."

"तू कियो, ते ठाऊक आहे मला. वेड लागलंय का मला? ही कुठाय?"

बोट अक्षरावरच. मी उगाच खिडकी लावायला उठले. घाबरले होते, लिहून टाकते.

२१ जुलै
शब्दकोश काढला. अर्थ: गाळ खाली बसून पाणी नितळ होणं. डावीकडे पाण्याचे तीन थेंब, उजवीकडे 'चढणे'. इतकी वर्षं गिरवलं, पण सुटं करून कधी पाहिलं नव्हतं. पाणी चढतंय.

२ ऑगस्ट
आई जेवत नाही. वजन चार किलोने उतरलंय. परिचारिका म्हणाली, "आधी सुमीला भरवा म्हणतात, मग मी खाईन. घरात सुमी कोण?" कुणी नाही, मी म्हणाले. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर महिना काढणार नाहीत.

३ ऑगस्ट
आज दोन घास. दुसरा थुंकला.

१३ ऑगस्ट
पितर घरी येण्याचा दिवस. आईला दोन दिवस घरी आणलंय. बाबांना बसून यायला काकडीचा घोडा केला, काड्यांचे चार पाय लावून. आईने टोपलीतली सगळ्यात बारकी काकडी उचलून माझ्या हातात दिली.

"हिच्यासाठीही कर. लहान आहे, एवढं चालवणार नाही तिला."

ताझु आत्या — बाबांची धाकटी बहीण, अठ्ठ्याऐंशीची, जिभेला हाड नाही — शेंगा सोलत होती. ती एकदम थांबली.

"आत्या, सुमी कोण?"

"म्हातारीचं काय ऐकतेस!" म्हणाली आणि चहा अर्धा टाकून गेली. आत्याने चहा टाकलेला मी आजवर पाहिला नव्हता.

छोटा घोडा केला. मोठ्याच्या शेजारी ठेवला.

१८ ऑगस्ट
नोंदवहीची जुनी नक्कल काढली. माझ्याआधीची एखादी मुलगी, मेलेल्यांच्या नावावर असते तशी फुली, तेच शोधत होते. काही नाही. लेक एकच, मी. जन्म एप्रिल १९५३. कसं हायसं वाटलं! आत्याला फोन लावला, "बघ, कुणी नव्हतीच." पलीकडे तिने दार लावून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "उद्या ये इकडे."

१९ ऑगस्ट
आत्या बोलली तसं लिहिते.

"सव्वा वर्षाची होती. दादाने पाटाचं दार उघडलं, पोर पाटात उतरलेली त्याला दिसलीच नाही. कळवलं असतं तर पोलिसांनी त्याला नेलं असतं, आणि वहिनीला दिवस गेलेले. मग मरण कळवलंच नाही. खाचरामागे पुरलं. तू झालीस, तुझा जन्मही नाही कळवला. कागदावर लेक एक, घरात लेक एक. पोर आजारी आहे सांगून तुला दोन वर्षं उंबऱ्याबाहेर काढली नाही."

"आणि नाव?"

"अक्षर तर बदलता येईना. वहिनी म्हणाली, मेलेलीच्या हाकेने हिला बोलावणार नाही. म्हणून उच्चार बदलला."

मी बहात्तरची नाही, सत्तरची. वर्गात सगळ्यांत बुटकी, कायम पहिल्या बाकावर. आणि खाचरामागचा तो बिननावाचा दगड. आई रोज त्यावर पाणी घालायची, मीही घालायचे. का, ते कधी विचारलं नाही. बाबा तिकडे फिरकत नसत.

रडले. कुणासाठी, ते कळेना.

२१ ऑगस्ट
आई तीन दिवस उपाशी. नगरपालिकेत गेले, उच्चाराच्या चौकटीत 'सुमी' लिहिलं. खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजी, बँक, पेन्शन, सगळीकडे बदलावं लागेल. या नावाने कुणी हाक मारतं का तुम्हाला?"

"आई मारते."

तिने अर्ज घेतला. कागदावर सुमी आता बहात्तर वर्षांची, हयात. कियो कुठेच नाही.

२२ ऑगस्ट
आईला सांगितलं, सुमीची नोंद झाली. वाटीभर पेज खाल्ली तिने, लोणच्यासकट. तोंड पुसलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "आणि तू कुणाची गं?"