गाडी जपली कुणी?

तुंगार्ली, दसऱ्यानंतरचा रविवार, १९६८

डोकं अजून तापलेलंच हाय. बंगल्यातली जुनी अमेरिकन गाडी बघायला मुंबईचे एक म्हातारे शेठ आलते. जर्मनच्या लढाईच्या आधीच्या असल्या गाड्या हौसेनं गोळा करतात म्हणे. गाडीच्या नाकावरच्या चकचकीत बाईच्या पुतळीवरनं हात फिरवून म्हणाले, "लोणावळ्याच्या पावसात ही गंजली कशी न्हाई?"

तर बंगल्याचे मालक, धाकटे साहेब म्हणतात, "मीच जपली. वडिलांची आठवण."

मीच? थोरले साहेब गेल्यापासनं एका बी पावसाळ्यात ह्यांनी हितं पाऊल टाकलं न्हाई. गोठ्यात करतात तशी गवऱ्यांची धुरी, ओल धरू नये म्हणून, गाडीच्या शेडात रोज मी केली. त्या बाईला करंजाचं तेल मी चोळलं. आणि म्हणे मीच!

शेठ म्हणाले, "इंजन दाखवा." साहेबांनी झाकण पुढनं ओढलं, हिसडलं. हलेना. ते बाजूनं उघडतं, एवढं बी ठाऊक न्हाई! मीच कडी काढून वर उचललं. शेठ हसले. "मावशी, जपली कुणी ते कळलं."

साहेब लालबुंद. "तुम्हाला कुणी बोलावलं मध्ये?"

आमचे हे, बंगल्याचे माळी, माझा पदर ओढत पुटपुटले, "गप की गं, बंगल्यातली राहायची खोली जाईल."

मी कसली गप बसते! म्हणलं, "गाडी तुमची, खुशाल विका. माझी मेहनत का सांगता स्वतःच्या नावानं?"

आता हे रुसून जेवायचे थांबलेत. उद्या साहेबांचे पाय धर म्हणतात. कशापायी? खोटं कोण बोललं? भांडी डोक्यावर घेऊन आंबीला भावाकडं जाईन, पण माफी मागायला त्या बंगल्याची पायरी चढायची न्हाई.