श्रावणात वाचलेला सेनापती

१६ ऑगस्ट १९८८, पांढुर्णा
श्रावणाचं वाचन सुरू केलं. दरसालची पोथी यंदा काढली नाही. वाचनालयातून ब्रह्मदेशाच्या सेनापतीचं चरित्र आणलंय. आमचे हे दुसऱ्या महायुद्धात फौजेबरोबर त्याच मुलखात होते. रंगूनचं सांगता सांगता मध्येच गप्प व्हायचे. हे जाऊन तीन वर्षं झाली, आता विचारायचं कोणाला? म्हणून पुस्तक.
आठ बाया आल्या. थोरल्या जाऊबाईंनी सवयीनं पुस्तकाला हळद-कुंकू वाहिलं.
"अहो बाई, वाचनालयाचं आहे!"
"मंग? वाचनालयाले कुंकू चालत नाही का?"

२१ ऑ.
सेनापती जपान्यांकडून लढाई शिकला, इंग्रजांना हाकललं, मग जपान्यांवरच उलटला! सावरगावची रखमा चिडली. "असा कसा वो हा? आज इकडं, उद्या तिकडं?"
जाऊबाई म्हणाल्या, "तू माहेरची पांढुर्ण्याची, सासर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकतेत, तवा तू कोणाकडून असते वं?"
हसून हसून पुरेवाट. वाचन तिथंच राहिलं.

२५ ऑ.
त्यानं वर्दी उतरवली, कारभार हाती घेतला, विलायतेत जाऊन स्वातंत्र्य ठरवून आला. बाया खूश.
त्या गेल्यावर पुढचं चाळलं. चुकलंच, शेवट आधी बघायला हवा होता. सत्तेचाळीस साली भर बैठकीत त्याला गोळ्या घातल्या. वय बत्तीस. मागे बायको, लहान लेकरं. मुलगी दोन वर्षांची.
श्रावणातलं वाचन अर्धं सोडता येत नाही. मरणावर संपवताही येत नाही.

२६ ऑ.
जाऊबाईंना सांगितलं.
"तेवढी पानं गाळ. राजा झाला, सुखी झाला, असं वाच अन् नारळ फोड. सवाष्णी ऐकून राहिल्या, अन् वाचणारी तू..."
कळलं.
हे गेले त्या दिवशी घरचे सगळे मलाही माजघरात बसवून "बरं आहे, बरं आहे" सांगत होते. संध्याकाळपर्यंत.
गाळणार नाही.

२८ ऑ.
सकाळी रेडिओ. हाताला कणीक तशीच. रंगूनला लाखो लोकांपुढं सेनापतीची मुलगी लोकशाही मागत भाषणाला उभी राहिली! तीच ती!
दुपारी तो अध्याय वाचला. सगळा. एकदा थांबले, पाणी प्याले, पुन्हा वाचलं. कोणी उठलं नाही. मग बातमी सांगितली आणि काय गलका! "तीच पोरगी? खरंच का वो?" चहा दोनदा झाला.
मी नारळ पुढं ओढला, तर जाऊबाईंनी उचलून पदराखाली घेतला. "उद्यापन काहून करून राहिली? पोरगी आत्ता तं उभी झाली!"

१९ सप्टें.
श्रावण कधीच संपला. बाया तीनला येतातच, बातम्या ऐकायला.
तिकडं फौजेनं राज्य घेतलं. गोळीबार. मुलीचं काहीच सांगितलं नाही.
जाऊबाई आज बाराच्या आतच दारात. "काय म्हनते रेडिओ?"
सांगितलं. भिंतीला टेकून बसल्या.
पुढच्या बातम्यांना वेळ आहे म्हटलं.
"असू दे. लावून ठेव."