कौसल्याबाईंची दोन मिनिटं

१९ फेब्रुवारी २००७
लाईट दुपारी दोनला आली, चारला गेली. तेवढ्यात सुनंदाने फिल्मचे तीन तुकडे जोडले. सातवीतली पोरगी, माऊस धरून आठवडा नाही झाला, आणि मलाच सांगते, मॅडम आधी कढई, मग वाफ. फिल्म जोडायचं मूव्ही मेकर संगणकात फुकटच आलेलं. जानेवारीपर्यंत दोन वर्षं कुणी उघडलं नाही. संगणकावर कापड मात्र रोज घालायचे.

धडा हळद शिजवण्याचा. सुनंदाची आई कौसल्याबाई कढईशी उभी राहून सांगते, काडी टोचून दाखवते. "काडी बराबर आरपार गेली की उतरवायची. कच्ची राहिली तं वाया, लई शिजली तं रंग जातो." दोनच मिनिटं. वर्गात लावली तर पोरं पुढे सरकली. डी.एड.ला मला असं कुणी शिकवलं नाही.

२२ फेब्रु.
हेडसरांनी पाहिलं. हिंगोलीच्या प्रदर्शनात दाखवू म्हणाले. मी खूश. मग म्हणाले, ती बाई काढा. मजूर बाई, मळकं लुगडं, साहेबलोक बघणार, शाळेची इज्जत. तिच्या जागी शाळा समितीचे अध्यक्ष बोलतील. शेत त्यांचं, कढई त्यांची.

अध्यक्षांनी जन्मात काडी टोचली नसेल! मी तोंडावरच नाही म्हटलं.

२७ फेब्रु.
आज हिंगोलीत शोभा झाली. हेडसरांनी मला न विचारता कौसल्याबाईंना कापलं, स्वतः सीडी केली. सगळ्या तालुक्यांचे शिक्षक बसलेले, मी मागच्या खुर्चीत. लावली तर प्रत्येक तुकड्याच्या जागी लाल फुली. होणारच. यांनी नुसती प्रोजेक्टची फाइल नेली. ती म्हणजे कुठे काय जोडायचं याची यादी. चित्रं सगळी शाळेतल्या संगणकात. पूर्ण फिल्म वेगळी सेव्ह करावी लागते. जानेवारीत सगळ्या स्टाफला हे शिकवलं होतं. हेडसर सही करून चहाला गेले होते.

आणि भर सभेत म्हणाले, मॅडमनी मुद्दाम बिघडवून दिली. उठून बोलायला हवं होतं. बसून राहिले. त्याचीच जास्त चीड.
लेखी खुलासा द्यायचाय. नवी सीडी सोमवारपर्यंत, अध्यक्षांसह.

१ मार्च
खुलासा तीनदा लिहिला, तीनदा फाडला.
दुपारी कौसल्याबाई शाळेत आल्या. आत येईनात. अध्यक्षांनी निरोप धाडलाय म्हणे, सीडीत दिसलीस तर हळदीच्या कामावर येऊ नको. अजून महिनाभराचं काम बाकी. "मॅडम, मला काढून टाका. तुमाला बी तकलीफ नको."
मी म्हटलं, काढणार नाही. नंतर सुचलं, मला काय जातंय म्हणायला? माझा पगार एक तारखेला नाही तर पाचला होतोच. काम त्यांचं जाणार.

२ मार्च
शाळा सुटल्यावर सुनंदा थांबली. आई दाराशी उभी. आमची जुनी फाइल उघडून मीच म्हटलं, बस, तू काप. मला होत नव्हतं. लेकराला सांगितलं, लाज वाटायला पाहिजे मला.

तिने आईचा तुकडा निवडला. दोनदा लावून पाहिला. मग विचारलं, "मॅडम, चित्र काढून नुसता आवाज ठेवता येते का?"

येतो. तुकडा खाली, आवाजाच्या पट्टीत ओढायचा, एवढंच. मी सांगायच्या आत तिने केलं. वर नुसती कढई, वाफ, आणि कौसल्याबाईंचा आवाज, काडी बराबर आरपार गेली की...

अध्यक्ष आवाज ओळखतील, मी म्हटलं. दारातून कौसल्याबाई म्हणाल्या, "कोन ओळखन, मॅडम? त्यांनी कवा आयकला माहा आवाज?"

दोन्ही फिल्मा सेव्ह केल्यात, एक चेहऱ्याची, एक नुसत्या आवाजाची. सीडी अजून कोरी आहे.