लसूण सोलणारा मार्टिन

रविवार, संध्याकाळ

लग्नानंतर दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की आम्ही माणिकपूरहून सुरमई आणायचो. मी तुकड्यांना मीठ-हळद लावायचे, मार्टिन शेजारी बसून लसूण सोलायचा. आता हृदयासाठी म्हणून तोच लसूण कॅप्सूलमधून गिळतो, वर मासळीचं तेल! मुलगी कुवेतहून बाटल्या पाठवते आणि ह्याने रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली. आज चर्चच्या पायरीवरच चक्कर. डॉक्टर ओरडले, तर मला म्हणतो, "अगं, हे सगळं नैसर्गिक आहे." नैसर्गिक! उद्या मी विधवा झाले, तर तेही नैसर्गिकच म्हणायचं? किती बोलू ह्याला?

उद्या सगळ्या बाटल्या डॉक्टरांच्या टेबलावर, काय चालेल ते तेच सांगतील. उद्यापासून गोळी मार्टिनला, माझ्यासमोर. लसूण सोलायला त्यालाच. आणि सुरमईचा मधला तुकडा, नेहमीसारखा, त्यालाच.